वरीलप्रमाणे

मे महिन्यातल्या त्या सकाळी जेसीबीनं विहिरीच्या कठड्याचा वरचा थर उचलून बाजूला टाकला आणि खाली दुसराच एक कठडा निघाला. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या रंगात एक बाण होता, टोक विहिरीकडं, आणि शेपटीशी अकरा हा आकडा. भानुमती तिथं मयताला गेल्यासारखी उभी होती, म्हणजे करता येण्यासारखं काही नसतं पण गेलं नाही तर बरं दिसत नाही म्हणून. विहीर बुजवून तिथं गाड्या लावायच्या असं सोसायटीच्या सभेत ठरलं होतं. विरोधात एकच हात वर झाला होता आणि तो तिचा होता. बाण पाहून आधी तिला बरंच वाटलं. जुन्या कपाटात आपलं शाळेतलं अक्षर सापडावं तसं. मग तिची नजर बाजूच्या ढिगाऱ्याकडं गेली. वरच्या थरातला एक मोठा तुकडा तिथं उताणा पडला होता, त्याच्यावरही पांढरा बाण होता आणि अकरा होते. पाणी जिथून मोजायचं त्या खुणेचा हाच बाण ती गेली कित्येक वर्षं ओळखत होती, दर दोन-तीन वर्षांनी ब्रश घेऊन उजळत होती. एका विहिरीला दोन बाण असू शकत नाहीत. तिनं हात वर करून जेसीबीवाल्याला थांबवलं. "क्या हुआ आंटी, कुछ गिरा क्या?" त्यानं वरूनच विचारलं. काही पडलं नाही असं सांगून, दहा मिनिटं थांब म्हणून ती जिना चढून घरातून टेप घेऊन आली.

कठड्याचा जो भाग अजून शाबूत होता तिथं तिनं टेप धरला. जुन्या माथ्यापासून नव्या माथ्यापर्यंत चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. तिनं दोनदा मोजलं, मग थोडं सरकून तिसऱ्यांदा. खालचा कठडा काळ्या घडीव दगडांचा होता, चुन्यात बांधलेला. वरचा सिमेंटमधला, आणि त्यातला दगड तांबूस, भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या गारगोट्या बसलेला. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. हा दगड या रानात वर कुठं सापडत नव्हता, तो होता विहिरीच्या बुडाशी, चाळीस फुटांखाली. म्हणजे केव्हातरी विहीर खोल केली आणि निघालेला दगड वाया कशाला घालवा म्हणून कठड्यावर चढवला. जमिनीत जो सगळ्यांत खालचा आणि सगळ्यांत जुना, तो इथं सगळ्यांच्या डोक्यावर बसला होता. निवृत्तीनंतर ती एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना पृथ्वीविज्ञानाची ओळख करून द्यायला जात असे. त्यांना तिनं हे उदाहरण आनंदानं दिलं असतं. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची आहे आणि आपल्याशी एक अक्षर बोलत नाही, असं ती पहिल्याच तासाला सांगायची. पृथ्वीचा अभ्यास म्हणजे चोराचा माग काढणं. तोंडी जबाब नाही, नुसत्या खुणा. कोणता थर कोणावर बसलाय ते बघा, दगड फोडून आत बघा, एकाच जागी वर्षानुवर्षं जाऊन मोजा, आणि जिथून मोजायला सुरुवात करता ती जागा हलू देऊ नका. मुलं हे वहीत उतरवून घेत. शेवटच्या वाक्याखाली ती त्यांना रेघ मारायला लावत असे.

सन एकोणऐंशीमध्ये ती नोकरीला लागली तेव्हा भूजल मोजणाऱ्या त्या कचेरीत बाई म्हणून ती एकटीच होती. शहरात, शहागंजातल्या तिच्या घराच्या गल्लीत कचेरीची जीप शिरत नसे, म्हणून चौकापर्यंत चालत जायचं आणि तिथून निघायचं. ही विहीर जिथं आहे ते मुकुंदवाडी तेव्हा गाव होतं, शहर बरंच अलीकडं थांबायचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाई, तुम्ही जीपमध्ये बसा, शिपाई मोजेल, तुम्ही नुसतं लिहा. ती उतरली. त्या दिवशी उतरली ती चौतीस वर्षं उतरतच राहिली, आणि याचा तिला इतका अभिमान होता की तो कुणाला दिसू नये म्हणून ती फार साध्या साड्या नेसायची. काम सोपं होतं. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप पाण्यात सोडायचा, वर ओढायचा, खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. कठड्यावरच्या बाणापासून पाणी किती खोल ते कळलं की त्यातून कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासूनची खोली मिळते. दुसरीतल्या पोराला येणारी वजाबाकी. अकरा नंबरच्या विहिरीचा कठडा साठ सेंटिमीटर उंच होता. ही बन्सीची विहीर. बन्सी तेव्हा पस्तिशीतला, मिशाळ, बोलका शेतकरी. दर खेपेला तो टेपच्या दुसऱ्या बाजूला उकिडवा बसून, 'किती म्हनती आमची हीर?' असं विचारायचा, आणि आकडा ऐकून आकड्यात काही अर्थ असल्यासारखी मान हलवायचा. त्याची बायको साळूबाई पोहऱ्यानं पाणी शेंदत बाजूला उभी असायची. भानुमतीचं मोजून होईपर्यंत ती दोर हातात धरून थांबायची. बाईंनी मोजताना पाणी हलू नये म्हणून.

नोंदीच्या तक्त्यात एक रकाना 'कठड्याची उंची' असा होता. नियम असा की वर्षातून एकदा ती नव्यानं मोजायची. नियम लिहिणारा माणूस शहाणा होता, पण कठडे काही वाढत नसतात, त्यामुळं पहिल्या ओळीत साठ लिहून खालच्या सगळ्या ओळींत 'वरीलप्रमाणे' असं लिहायची पद्धत पडली होती. पद्धत काही तिनं पाडली नव्हती. पण तिनं ती मोडलीही नाही. वरीलप्रमाणे या शब्दाला कचेरीत फार मान होता. तो लिहिला की ओळ भरते, हात मोकळा होतो आणि चूक झालीच तर ती वरच्याची असते. आता ढिगाऱ्याशेजारी उभ्या उभ्या ते अक्षर तिच्या डोळ्यांसमोर येत होतं, गोलसर, जरा मागं झुकलेलं, पानामागून पान. वेलांटी ती एका झोकात द्यायची. सुंदर अक्षराबद्दल तिला एकदा वरिष्ठांनी शाबासकीही दिली होती.

या विहिरीच्या पाणीपातळीच्या आलेखात शहाऐंशी सालापाशी एक पायरी होती. तिथवर रेघ पावसाबरोबर वर-खाली होत छान चालली होती आणि मग एकदम खाली उतरली होती. पायरी दिसली की माणसानं थबकावं, खाली बघावं. तिला थबकावंसं वाटलं नाही, कारण ते दुष्काळाचं साल होतं, आणि दुष्काळात पाणी खाली जातं हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. पुढच्या वर्षांत पाऊस बरा झाला तरी रेघ वर आली नाही. तेव्हा तिच्या डोक्यात कल्पना आली, आणि ती आली त्या क्षणीचा आनंद तिला आजही जसाच्या तसा आठवत होता: शहर. शहर गावाचं पाणी पीत होतं. जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती उठत होत्या, कारखाने येत होते, जो तो बोअर मारत होता. तिनं तसा अहवाल लिहिला. पुढं पंधरा वर्षांनी हे खरंही झालं, त्यामुळं तिच्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. खरी गोष्ट खोट्या आकड्यानं सांगितली की ती फार टिकते. गावच्या ओढ्याच्या पाणलोटात मोजायच्या विहिरी तीनच होत्या. तिन्हींची सरासरी काढली तर घट ठरलेल्या मर्यादेपेक्षा एकवीस सेंटिमीटरनं जास्त भरली, आणि पाणलोटावर 'अतिशोषित' असा शिक्का बसला. नव्या विहिरींना बंदी. चौऱ्याऐंशीला तीननं भागलं की अठ्ठावीस. हा भागाकार तिनं जेसीबीच्या धुरळ्यात मनातल्या मनात केला. अठ्ठावीस वजा केले तर घट मर्यादेच्या आतच राहत होती.

बन्सीनं चौऱ्याण्णव साली वरच्या रानात नव्या विहिरीसाठी अर्ज केला होता. तो तिच्याच टेबलावरून गेला. तिनं त्यावर मत लिहिलं नाही, गरजच नव्हती, शिक्का होता. नामंजूर. बन्सीनं तिला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही, उलट पुढच्या खेपेला ओंजळभर हुरडा दिला आणि म्हणाला, 'पानीच नाय म्हनल्यावर तुमी तरी काय करसाल.' दोन वर्षांनी वरचं रान गेलं. मग खालचंही गेलं. त्याच्यावर आज ही चार मजली इमारत उभी होती, आणि निवृत्त झाल्यावर भानुमतीनं तिच्यात फ्लॅट घेतला होता. कचेरीची विहीर अंगणात असलेलं घर. 'तुझं माहेर,' असं अनंतराव म्हणायचे, तिचे यजमान; ते गेले त्याला आता चार वर्षं झाली होती. बन्सीचं काही वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. गल्लीपलीकडं त्याचं दुमजली घर होतं, दारात गाडी होती, थोरला मुलगा कडुबा हार्डवेअरच्या दुकानात बसत होता. फक्त बन्सी स्वतः सकाळपासून दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायचा आणि त्याचे हात मांडीवर उगाच काहीतरी चाचपत राहायचे. भानुमती रोज त्याच्यासमोरून दूध आणायला जायची. ते हात आजवर तिला म्हाताऱ्या माणसाचे हात वाटत होते. आता वाटेना. तिला लाज वाटली, आणि ही लाज चुकीपेक्षा चूक सापडल्याची आहे की काय, अशी आणखी एक लाज वाटली.

टेप गुंडाळत असताना फोन वाजला. सईचा. सई ही तिच्या भावाची मुलगी, पीएचडीचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि त्याचं अख्खं तिसरं प्रकरण अकरा नंबरच्या विहिरीवर उभं होतं. एवढी लांब आणि एका हातानं मोजलेली नोंद जिल्ह्यात दुसरी नाही, असं तिनं प्रबंधात लिहिलं होतं, आणि अर्पणपत्रिकेत आत्याचं नाव घातलं होतं. भानुमतीनं फोन घेतला नाही. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, पुन्हा घेतला नाही. कुणी विचारलेलं नव्हतं. दुपारपर्यंत हा कठडा मुरूम होऊन विहिरीच्या पोटात गेला असता, वर फरशी बसली असती, आणि मग खाली बघायला कुणाचा बापही जाणार नव्हता. हे तिच्या मनात आलं. ते आलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आणखीही एक गोष्ट मनात आली, ती जरा अधिक अब्रूदार होती: कठडा नेमका कधी वाढवला हे अजून माहीत नाही. समजा दोन हजार दहाच्या पुढं वाढवला असेल, तर शेवटची दोन-तीन वर्षं तेवढी बिघडली, पायरी खरी, अहवाल खरा, शिक्का खरा. शास्त्रज्ञानं पुराव्याआधी निष्कर्ष काढू नये. हे वाक्य तिला त्या क्षणी फार उपयोगी वाटलं आणि ती गेटबाहेर पडून बन्सीच्या घराकडं निघाली. मागं सोसायटीचा टँकर येऊन उभा राहिला होता आणि बायका पाइपवरून हुज्जत घालत होत्या.

बन्सी खुर्चीतून अर्धा उठला, बसा बाई म्हणाला. ती उंबऱ्यावरच बसली. उन्हाचं, पाण्याचं, गुडघ्याचं बोलणं झालं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं. विहीर पाडतायत ते त्याला माहीत होतं, म्हणून तो आज तिकडं पाठ करून बसला होता. मग तिनं विचारलं, "बन्सीभाऊ, कठडा वर कधी घेतला होता तुम्ही?"

"कठडा? शेळी पडली त्या साली. हीर कोरडी ठाक पडली व्हती, खाली न्यावी लागली. दगूड लई निघाला. म्हनलं पडून ऱ्हान्यापरीस चढवू."

साल कोणतं, असं तिनं विचारलं. बन्सीला साल आठवेना. तो बोटं मोजू लागला: कडुबाच्या पाठची पोरगी त्या दिवाळीत झाली, बैल विकला तो त्याच उन्हाळ्यात. आकड्याची वाट बघायची तिला सवय होती, पण कोणता आकडा यावा अशी इच्छा धरून वाट बघायची नव्हती. शेवटी बन्सीचा चेहरा उजळला. "तुमी नव्हत्या बघा त्या साली. तुमचं बाळ झालं म्हून रजेवर व्हत्या. लई दिस कुनीच मोजाया आलं नाय."

वरद. शहाऐंशीचा जानेवारी. त्या वर्षी तक्त्यात तीन ओळी कोऱ्या होत्या. ऑक्टोबरात ती परत आली तेव्हा अंगावर दूध होतं, साडीला डाग पडेल म्हणून ती सारखी पदर ओढत होती, आणि तिला घरी जायची घाई होती. विहिरीशी येऊन तिनं बाण शोधला, बाण होता, टेप सोडला, आकडा घेतला, पुढं लिहिलं, वरीलप्रमाणे. छातीपर्यंत आलेला कठडा तिला जाणवला नसेल का? जाणवला असेल. बाळंतपणानंतर सगळंच वेगळं जाणवत होतं, आपण खचलोय असं ती समजली असेल. पण ही आठवण खरी की आता चूक सापडल्यावर तयार झालेली, हे तिला ठरवता येईना.

तिनं सांगून टाकलं. सोप्या शब्दांत सांगितलं, कारण अवघड शब्दांच्या मागं लपता येतं हे तिला माहीत होतं. पाणी खाली गेलंच नव्हतं भाऊ, निदान मी लिहिलं तेवढं नाही. कठडा वर आला होता. मी वरून मोजलं आणि जुनीच उंची वजा केली. त्या आकड्यावरून शिक्का बसला आणि तुमचा विहिरीचा अर्ज गेला. चूक माझी.

बन्सी हळूच म्हणाला, "बान मीच काढला व्हता बाई."

कोणता बाण, असं तिनं विचारलं.

"जुना झाकला गेला ना. म्हनलं बाई येतील, खून दिसायची नाय, सरकारी काम आडंल. शहागंजातून रंग आनला. वळंबा धरून बराबर जुन्याच्या डोक्यावर काढला, एक सूत इकडंतिकडं नाय. आकडा बी तसाच गिरवला." त्यानं मांडीवर बोटानं एक रेघ ओढली. "कुनाच्या ध्यानात बी नाय आलं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना अभिमान क्षणभर येऊन गेला, मग काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. तो पुढं वाकला. "मंग वरच्या रानात पानी लागलं असतं का?"

हा एकच प्रश्न होता ज्याच्यासाठी ती आयुष्यभर शिकली होती. लागलं असतं म्हणावं तर त्याच्या जिवाला घोर लावायचा, नसतं म्हणावं तर आपली सुटका करून घ्यायची, आणि दोन्हींना पुरावा नव्हता. वरच्या रानात आता एक शाळा आणि दोन मंगल कार्यालयं होती. "ते मला सांगता येत नाही, भाऊ," ती म्हणाली. "खणूनच कळलं असतं. खणू द्यायला हवं होतं, एवढंच मला सांगता येतं." आपला आवाज तिला कचेरीतल्यासारखा कोरडा ऐकू आला. बन्सीनं मान हलवली, आकडा ऐकल्यावर हलवायचा तशीच, आणि खुर्चीची पाठ धरून उठायला लागला, पण उठून कुठं जायचं हे न सुचल्यासारखा परत बसला.

साळूबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती म्हणाली, "कठडा चढला त्याच दिशी म्या दोराला तुकडा जोडला व्हता. पोहरा पान्याला टेकंना. ह्यांस्नी म्हनलं, पानी हाय तिथंच हाय, कठडाच उच झाला."

भानुमतीनं विचारलं, "केवढा तुकडा?"

साळूबाईनं उजवा हात कोपरापासून पुढं धरला, डाव्या हातानं तो मापला, पुन्हा एकदा मापला, आणि शेवटी चार बोटं आडवी धरून मागं घेतली. "दोन हाताला चार बोटं कमी. लई दिस त्योच दोर व्हता."

हात म्हणजे शेहेचाळीस सेंटिमीटर. दोन हात ब्याण्णव. चार बोटं आठ. भानुमतीनं वजाबाकी केली, आणि ती बरोबर आली.

"तुमी नव्हता जोडला, ताई?" साळूबाईनं विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. एका बाईनं दुसऱ्या बाईला, मीठ टाकायचं राहिलं का, असं विचारावं तसं ते होतं.

"नाही."

"मंग इच्यारायचं की," साळूबाई म्हणाली. "म्या तर तिथंच उभी ऱ्हायची."

भानुमतीनं फोन काढला आणि सईला लावला. एका दमात सांगितलं: अकरा नंबरचे शहाऐंशी ऑक्टोबरपासूनचे सगळे आकडे चौऱ्याऐंशी सेंटिमीटरनं चुकीचे आहेत, पायरी खोटी आहे, तिसरं प्रकरण थांबव, चूक माझी आहे. सई म्हणाली, आत्या, सोमवार. मग रडवेली होऊन म्हणाली की ठीक आहे, तारीख वाढवून मागते. आणि शेवटी, ती चांगली विद्यार्थिनी होती म्हणून, तिनं विचारलं की वर्ष आणि उंची दोन्हींना आधार काय दाखवू, तुझी वही तर आता चालणार नाही.

"थांब," भानुमती म्हणाली. तिनं फोन साळूबाईपुढं धरला. "माझी भाची आहे. तुम्हीच सांगा तिला. आधी तुमचं पूर्ण नाव सांगा, ते लिहायचंय."

साळूबाईनं बन्सीकडं पाहिलं. तो रस्त्याकडं बघत होता. तिनं पदराला हात पुसले, फोन दोन्ही हातांनी घेतला आणि जरा मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.